शतकोटीची बाकी

रामायणाच्या वाटणीची गोष्ट कीर्तनात कधीच ऐकली नाही असा माणूस मराठवाड्यात सापडणे कठीण. वाल्मीकींनी शतकोटी श्लोकांचे रामायण रचले. तिन्ही लोकांना ते हवेसे झाले, भांडण जुंपले आणि शेवटी शंकराकडे गेले. शंकर वाटणीला बसले. प्रत्येकाला तेहतीस कोटी दिले, एक कोटी उरले. त्यातले तेहतीस-तेहतीस लाख दिले, एक लाख उरले. मग तेहतीस-तेहतीस हजार, उरले एक हजार. त्यातले प्रत्येकी ३३३ गेले आणि हातात एकच श्लोक राहिला. अनुष्टुभाची अक्षरे ३२. दहा-दहा वाटली, दोन उरली. ती मात्र शंकरांनी कुणाला दिली नाहीत, स्वतःच्या कंठात ठेवली. ती दोन अक्षरे म्हणजे ‘रा’ आणि ‘म’. इथे बुवा क्षणभर थांबतात आणि माना डोलायला लागतात.

लहानपणी माझीही मान डोलली होती. पुढे कधीतरी कागदावर भागाकार करून पाहिला आणि गोष्ट रचणाऱ्याबद्दलचा आदर दुणावला. १,००,००,००,००० भागिले ३ म्हणजे ३३,३३,३३,३३३ आणि बाकी १. हिशेबात कुठेही खोट नाही. शतकोटीऐवजी साठ कोटी श्लोक असते तर बाकी शून्य आली असती आणि शंकर रिकाम्या हाताने उठले असते. वाटेकरी दोन, चार किंवा पाच असते तरी तेच. सात असते तर सहा श्लोक उरले असते आणि पुढे गोष्ट रेंगाळली असती. दहाचा घात, तीन वाटेकरी आणि बत्तीस अक्षरे, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच ‘राम’ उरतो. (श्लोकाऐवजी मोठ्या अभंगाचे बावीस अक्षरांचे एक कडवे धरले, तर सात-सात वाटून एकच अक्षर उरते. मग शंकरांना ओंकारावर भागवावे लागले असते.)

‘शतकोटी’ म्हणजे नुसते ‘पुष्कळ’, असे आपण धरून चालतो. जुन्या सांगणाऱ्यांनी तसे धरलेले दिसत नाही. त्यांनी ती संख्या भागून पाहिली, तिची बाकी काढली, तिच्यातून वजाबाकीही केली. त्यामुळे या एका संख्येचा संख्या म्हणूनच आढावा घ्यावा असे बरेच दिवस मनात होते. आणि तो हिंगोली जिल्ह्यापासून सुरू करायला सबळ कारण आहे.

कयाधू नदीच्या काठी, हिंगोली तालुक्यात नरसी हे गाव आहे. लोक त्याला नरसी नामदेव म्हणतात. संत नामदेवांच्या जन्मगावाबद्दल अभ्यासकांत वाद आहे, पंढरपूरचाही पक्ष आहे. पण नरसी-बामणीचा दावा जुना आहे, आणि जिल्ह्याने तो मनापासून जपला आहे. नामदेवांचा काळ इ. स. १२७० ते १३५० असा मानतात. जवळच्याच औंढा नागनाथाला त्यांना विसोबा खेचर हे गुरू भेटले. वाल्मीकींनी शतकोटी रामायण केले तर मी विठ्ठलाचे शतकोटी अभंग करीन, असा पण नामदेवांनी केल्याचे परंपरा सांगते. पण पुरा झाला नाही. चौऱ्याण्णव कोटी एकोणपन्नास लाख झाले, पाच कोटी एकावन्न लाख राहिले. पुढे तीनशे वर्षांनी नामदेव पांडुरंगाला घेऊन देहूला तुकोबांच्या स्वप्नात आले आणि राहिलेले काम त्यांच्यावर सोपवून गेले. हे स्वप्न तुकोबांनी स्वतः अभंगात सांगितले आहे आणि शतकोटीचा उल्लेखही त्यात आहे. कोटी-लाखांचा बारीक हिशेब मात्र कथा-कीर्तनांतून आलेला.

आता आधी नाव पाहू. कोटी म्हणजे १ वर सात शून्ये, शतकोटी म्हणजे १ वर नऊ. शाळेत एकं, दहं, शतं म्हणत म्हणत कोटी, दशकोटी, अब्ज इथपर्यंत आपण पोचायचो. त्यातला अब्ज तो हाच. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या ‘लीलावती’त अंकस्थानांची नावे आहेत. कोटीनंतर अर्बुद, मग अब्ज, खर्व, निखर्व असे करत ती परार्धापर्यंत, म्हणजे १ वर सतरा शून्यांपर्यंत जातात. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, चाळीसगावजवळच्या पाटणला मठ काढला. तिथल्या देवळातला शिलालेख १२०७ च्या सुमाराचा आहे आणि त्याचा काही भाग जुन्या मराठीत आहे. म्हणजे नामदेव जन्मले तेव्हा यादवांच्या राज्यात या संख्येला नाव होते, स्थान होते आणि तिचे गणित शिकवणारी जागाही होती.

पण नावे सगळीकडे एकसारखी कधीच नव्हती. भास्कराचार्यांच्या यादीत अयुत म्हणजे दहा हजार. बौद्धांच्या ‘ललितविस्तरा’त बोधिसत्त्वाची गणिताची परीक्षा होते तेव्हा तो सांगतो की शंभर कोटींना अयुत म्हणतात. एकाचे दहा हजार तेच दुसऱ्याचे शतकोटी. इंग्रजांना हसायला नको, पण त्यांच्या ‘बिलियन’चाही हाच घोळ होता. ब्रिटनमध्ये तो शब्द १ वर बारा शून्ये अशा अर्थाने चालायचा. १९७४ मध्ये तिथल्या सरकारने अमेरिकी रीत स्वीकारली आणि बिलियन आपल्या शतकोटीवर येऊन बसला. ‘शतकोटी’ या शब्दाचा गुण असा की तो स्वतःच गुणाकार आहे. कोटी कळला की शंभराने गुणा, झाले. अब्ज पाठ करावा लागतो, शतकोटी करावा लागत नाही. संतांना हाच शब्द का आवडला असेल, याचे मला तरी दुसरे कारण सुचत नाही.

गणिती म्हणतील की या संख्येत पाहण्यासारखे ते काय? एकापुढे नऊ शून्ये. अंग मोडून पाहिले तर दोनचा नववा घात गुणिले पाचचा नववा घात. पण त्यातच गंमत आहे. या संख्येचे भाजक किती, तर दोनचा कोणताही घात, शून्यापासून नऊपर्यंत, म्हणजे दहा पर्याय. पाचचेही तसेच दहा. दहा दाहे शंभर. शतकोटीला बरोबर शंभर भाजक आहेत. ‘शत’ हा शब्द नावात आहे तसा पोटातही आहे. या शंभर भाजकांची बेरीज २,४९,७५,५८,३३८ येते. त्यातून संख्या स्वतः वगळली तरी १,४९,७५,५८,३३८ उरतात. म्हणजे आपल्या लेकरांच्या एकूण वजनापेक्षा ही आई हलकी आहे.

शतकोटी हा हजाराचा पूर्ण घन आहे, पूर्ण वर्ग नाही. नऊ हा विषम असल्याने वर्गमूळ ३१,६२२ आणि वर काही अपूर्णांक असे तुटक येते. संगणकाच्या शून्य-एकच्या भाषेत ती लिहायला तीस जागा लागतात आणि तिथेही शेवटची नऊ शून्ये कायम राहतात. दोनचा नववा घात पोटात असल्याचा हा परिणाम.

आता माझ्या आवडीचा गुण. एकही शून्य नसलेल्या दोन संख्यांचा गुणाकार करून नऊ शून्ये मिळवता येतील का? येतील. ५१२ गुणिले १९,५३,१२५. दोन्हींत शून्य शोधून सापडणार नाही, आणि गुणाकार शतकोटी. दशकोटीला, म्हणजे आठ शून्यांना, हे साधत नाही, कारण पाचचा आठवा घात ३,९०,६२५ आणि त्यात शून्य घुसलेले आहे. एकपासून सातपर्यंतच्या घातांना साधते, मग नवव्याला, मग एकदम अठराव्याला आणि तेहतिसाव्याला. त्यापुढे संगणक लावून पुष्कळ शोधले, तरी आजवर आणखी एकही सापडलेला नाही. शंकराच्या वाटणीतले तेहतीस आणि हे तेहतीस यांचा संबंध जोडायचा मोह होतो, पण तो जोडू नये. तो निव्वळ योगायोग आहे.

शतकोटीच्या शेजाऱ्यांकडेही पाहायला हवे, कारण वाटणीच्या गोष्टीचे मर्म तिथे आहे. एक कमी केला की नऊ नव्वे येतात: ९९,९९,९९,९९९. तिचे मूळ अवयव म्हणजे तीन चार वेळा, ३७ एकदा आणि ३,३३,६६७ एकदा. म्हणून तीन, नऊ, सत्तावीस, सदतीस, एक्याऐंशी यांपैकी कशानेही शतकोटीला भागा, बाकी एकच. तीन लोकांऐवजी सत्तावीस नक्षत्रांत वाटणी केली असती तरी शंकराजवळ एकच श्लोक उरला असता. उलट एक वाढवला की ती संख्या ७, ११, १३, १९ आणि ५२,५७९ यांचा गुणाकार होते. म्हणून सात, अकरा, तेरा, एकोणीस यांनी भागले तर दर वेळी पूर्ण व्हायला एकच कमी पडतो. एका गटाला शतकोटी एकाने जास्त होते, दुसऱ्याला एकाने कमी. आणि एकशे आठ मण्यांची माळ घेऊन शतकोटी जप करायचा म्हटले तर ९२,५९,२५९ माळा पुऱ्या होऊन अठ्ठावीस मणी वर लागतात.

नऊ नव्व्यांच्या त्या संख्येवर देवळालीच्या द. रा. कापरेकर मास्तरांचाही शिक्का आहे. कापरेकर (१९०५-१९८६) शाळामास्तर. ६१७४ या संख्येने त्यांचे नाव जगभर नेले. त्यांनी आणखी एक जात शोधली. संख्येचा वर्ग करायचा, त्याचे दोन तुकडे करून बेरीज घ्यायची, आणि मूळ संख्या परत यायला हवी. ९९,९९,९९,९९९ चा वर्ग केला की आकडे येतात ९९९९९९९९८००००००००१. डावे नऊ आकडे ९९९९९९९९८, उजवे नऊ ००००००००१, म्हणजे नुसता १. बेरीज पुन्हा नऊ नव्वे. नुसत्या नव्वांच्या सगळ्याच संख्या या जातीत बसतात, त्यामुळे कापरेकरांना याचे फार अप्रूप वाटले नसते. मला वाटले.

एक ते शतकोटी लिहून काढायचे ठरवले तर किती आकडे लिहावे लागतील? नऊ नव्व्यांपर्यंत ८,८८,८८,८८,८८९. शेवटच्या शतकोटीचे दहा वेगळे. असली रांगोळी हिशेबातून आपोआप निघते तेव्हा बरे वाटते.

या वाटेवर मूळ संख्या, म्हणजे एक आणि स्वतःशिवाय कशानेही भाग न जाणाऱ्या, नेमक्या ५,०८,४७,५३४ भेटतात. या आकड्याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. जर्मन गणिती मायसेल यांनी १८८५ मध्ये, यंत्राविना, निव्वळ कागद-लेखणीने तो काढला आणि ५६ ने चुकले. पाच कोटींत छप्पन! त्यांची चूक विसाव्या शतकात, १९५० च्या दशकाच्या अखेरीस, अमेरिकी गणिती लेमर यांनी संगणकाच्या मदतीने दुरुस्त केली. म्हणजे सत्तर वर्षांवर जग चुकीचा आकडा वापरत होते आणि कुणाचे काही अडले नाही. शतकोटीच्या अलीकडची शेवटची मूळ संख्या ९९,९९,९९,९३७. पलीकडे, सात आणि नऊ मिळवले की, दोन मूळ संख्या जोडीने उभ्या आहेत. त्यातली सातवाली प्रोग्रॅमिंगच्या स्पर्धांत बसणाऱ्या पोरांना तोंडपाठ असते. उत्तर फार मोठे येत असेल तर या संख्येने भागून बाकी सांगा, अशी तिथली अट असते. बाकी काढायचा शंकराचा धंदा असा अजून चालू आहे.

तुकोबांच्या वाट्याचे पाच कोटी एकावन्न लाख आणि शतकोटीपर्यंतच्या मूळ संख्या पाच कोटी आठ लाख. आकडे जवळ आले म्हणून कुणी उद्या ग्रंथ लिहील, म्हणून आत्ताच सांगतो की यात काही नाही. पण नामदेवांच्या हिशेबाचे आकडे पाहण्याजोगे जरूर आहेत. कथेला पंचाण्णव आणि पाच असे गोल आकडे चालले असते. तसे केलेले नाही. चौऱ्याण्णव कोटी एकोणपन्नास लाखांतली शून्ये सोडली तर ९४४९ राहतात. उलटे वाचा, तेच. अशा चार आकडी संख्येला अकराने भाग जातोच. ९४४९ म्हणजे अकरा गुणिले ८५९. उरलेले ५५१ म्हणजे एकोणीस गुणिले एकोणतीस. दोघांत सामाईक भाजक नाही. हे कुणी जाणून केले असे मला वाटत नाही. मात्र गोल आकडा टाळला की ऐकणाऱ्याचा विश्वास बसतो, हे कथेकऱ्याला पक्के ठाऊक असते. किराणा दुकानदारालाही असते.

मग नामदेवांनी खरेच एवढे केले असते का? हिशेब सरळ आहे. ऐंशी वर्षांचे दिवस २९,२२०. जन्मल्या दिवसापासून धरले तरी रोज ३४,२२३ अभंग पडतात. दिवसाचे सोळा तास काम म्हटले तर पावणेदोन सेकंदांत एक, आणि तेवढ्या वेळात एक चरण म्हणून होत नाही. परंपरेनेही हे ओळखले होते. म्हणून पण एकट्याचा राहिला नाही, सगळे घर कामाला लागले. गोणाई, राजाई, मुले, सुना आणि जनाबाई धरून चौदा-पंधरा माणसे. पंधरा जणांत वाटले तर माणशी पंचवीस सेकंदांना एक अभंग. छोटासा अभंग नुसता गुणगुणायलाही तेवढा वेळ जातो. तुकोबांनी वीस वर्षे धरली तर रोजचे साडेसात हजार.

आज नामदेव गाथेत सुमारे अडीच हजार अभंग आहेत. त्यांतही नंतरच्या ‘नामा’ नावाच्या कवींचे किती मिसळले, यावर अभ्यासक भांडतात. पंजाबात गेलेली एकसष्ट पदे गुरू ग्रंथ साहिबात आहेत, म्हणून नरसीला शीख यात्रेकरूही येतात. तुकोबांच्या गाथेत साडेचार हजारांवर अभंग. शतकोटी पुरे करायला नामदेव गाथेएवढ्या चार लाख गाथा लागतील. पाच सेंटिमीटर जाडीची एक, अशा ओळीने उभ्या केल्या तर वीस किलोमीटर भरतील. काहीजण सुचवतात की शतकोटी हा अभंगांचा नसून अक्षरांचा आकडा असावा. एका अभंगात शंभर-सव्वाशे अक्षरे धरली तर मागणी ऐंशी लाख ते एक कोटी अभंगांवर येते. तरीही जमत नाही. पळवाट म्हणून कल्पना चांगली, हिशेब म्हणून निरुपयोगी.

शतकोटी डोळ्यांपुढे आणायचे आणखी काही मार्ग आहेत. तेवढे सेकंद म्हणजे ३१ वर्षे आणि आठ महिने. नोकरीतली सगळी उमेद त्यात संपते. ज्वारीच्या हजार दाण्यांचे वजन साधारण तीस ग्रॅम भरते, म्हणजे शतकोटी दाणे तीनशे क्विंटल. मोंढ्यात तीन मोठे ट्रक उभे राहिले की तुमच्यासमोर शतकोटी आहे. हमालांनी ते कधीच उचललेले असते. देशानेही दोनदा गाठले. भारताची लोकसंख्या ११ मे २००० रोजी शंभर कोटी झाल्याचे जाहीर झाले. कोरोनाच्या लसीचा शंभर कोटीवा डोस २१ ऑक्टोबर २०२१ ला टोचला गेला. मोहीम त्याच वर्षी १६ जानेवारीला सुरू झाली होती, म्हणजे २७९ दिवस, रोजचे सरासरी छत्तीस लाख. नामदेवांच्या घराने जे ऐंशी वर्षांत करायचे मनात आणले होते, तेवढे नुसते मोजायलाही एक अख्खा देश लागला.

पण भाषेच्या बाजूने पाहिले की हाच आकडा एकदम आखूड वाटायला लागतो. मोठ्या अभंगाचा चरण सहा अक्षरांचा. चरण आणि अक्षरे कशी मोजावीत हे सांगणारा एक अभंग नामदेवांच्याच नावावर आहे, म्हणजे मोजणी त्यांना परकी नव्हती. समजा, बाराखडीतली फक्त बत्तीस अक्षरे घ्यायची आणि सहा जागा भरायच्या. किती तऱ्हा? बत्तीसचा सहावा घात, म्हणजेच दोनचा तिसावा: १,०७,३७,४१,८२४. एका चरणातच शतकोटी ओलांडले! त्यातल्या बहुतेक तऱ्हा अर्थहीन असतील हे मान्य. पण अभंगात असे चरण अनेक, आणि मराठीतली अक्षरे बत्तीसपेक्षा कितीतरी अधिक. शब्दांची टंचाई नामदेवांना पडली नसती, पडली ती दिवसांची. शतकोटी हा आकडा मला म्हणूनच मजेशीर जागी बसलेला दिसतो. माणसाच्या आयुष्यापुढे अवाढव्य, आणि सहा अक्षरांपुढे तोकडा.

२०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पंजाबात घुमानला, नामदेवांच्या कर्मभूमीत भरले. अध्यक्ष होते सदानंद मोरे, देहूच्या तुकोबांच्या घराण्यातले. नामदेवांनी सोपवलेल्या हिशेबाचे काय झाले, हे त्यांना तिथे कुणी विचारले असेल तर मला माहीत नाही. मी असतो तर विचारले असते.

पण हिशेब पुरा करायचाच असेल तर देहूला कशाला जायचे, हिंगोली जिल्हा पुरेसा आहे. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झालेला, पाच तालुक्यांचा हा छोटा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ११,७७,३४५ नोंदली गेली. (पाच, तेरा, एकोणसाठ आणि तीनशे सात यांचा गुणाकार. राहवले नाही म्हणून सांगितले.) औंढ्यापासून कळमनुरीपर्यंत, सेनगावापासून वसमतच्या हळदीच्या बाजारापर्यंत, तान्ह्या पोरापासून काठी टेकणाऱ्या आजोबांपर्यंत प्रत्येकाला सारखी वाटणी केली, तर माणशी ८४९ अभंग येतात. आणि उरतात ४,३४,०९५. ते पुन्हा कुणाच्या तरी स्वप्नात जाऊन सांगावे लागतील.